खाचेवाली

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि सध्या पालथी पडले आहे. पालथ्या होडीला पुढचे काही दिसत नाही. खालचे गवत दिसते आणि नदी ऐकू येते, एवढेच. म्हणून मी सांगणार आहे ते सगळे मागचे आहे. गळक्या होडीच्या बोलण्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका, पण मी गळत नाही.

नॉर्वेच्या अगदी उत्तरेला आम्हा सामी लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, नद्या आहेत. त्यातल्याच एका नदीच्या काठी इस्सातने मला बांधले, त्याच्या लग्नाच्या वर्षी. पाइनच्या फळ्या त्याने वाकवल्या आणि पहिले डांबर त्याच्या नव्या नवरीने, मारेतने फासले. मी लांब आहे आणि भलतीच अरुंद. "यात नवराबायको भांडली तर दोघंही पाण्यात जातील," असे मारेतचा बाप मला बघून म्हणाला होता. ती दोघे माझ्यात पुष्कळ भांडली, पण कधी पाण्यात गेली नाहीत. मारेत वल्ही मारायची आणि इस्सात जाळे सोडायचा.

माझे ते दिवस फार चांगले होते. उन्हाळ्याच्या तोंडावर समुद्रातून सामन मासे नदीत चढायचे आणि रात्र नसलेल्या त्या दिवसांत आम्ही पाण्यावरच असायचो. मोसमातला पहिला सामन मोठ्या पातेल्यात उकडला जाई, शेजारीपाजारी सगळ्यांना तुकडा मिळे आणि त्याचे काटे मारेत गोळा करून परत नदीत सोडी. शेजारी म्हणत, "इस्सातच्या होडीत मासा आपल्या पायांनी येतो." मी फुगून जायची. लाकूड फुगले की होडी जास्तच चांगली चालते.

इस्सातला त्याच्या बापाने एक गोष्ट घट्ट शिकवली होती. मासा होडीत तडफडता कामा नये. जाळ्यातून होडीच्या काठावर आला की लगेच भूर्जाच्या दांडक्याचा एकच घाव डोक्यावर, की संपले. विचार करायला थांबायचे नाही, कारण तुम्ही विचार करता तेवढा वेळ तो गुदमरत असतो. इस्सातचा हात इतका सराईत होता की मासा माझ्या तळाला टेकायचा तो शांत होऊनच.

मग सामन कमी झाले. का झाले याची कारणे प्रत्येकाकडे वेगळी होती. खालच्या अंगाला गळ टाकायला येणारे हौशी लोक म्हणायचे, ही सामींची जाळी, यांनीच नदी रिकामी केली. मारेत ते ऐकून संतापायची. पुढे मारेत वारली, आणि त्यानंतर सरकारने सामन धरायला बंदीच घातली. मला काठावर ओढून ठेवले. माझ्या पोटात गवत वाढले आणि एका टिटवीने अंडी घातली. इस्सात दारात कॉफी पीत बसायचा, नदीकडे बघत.

त्याच सुमारास कुबडे आले. तेही सामनच, पण दुसऱ्या महासागरातले. नराच्या पाठीवर कुबड येते म्हणून गावाने त्यांना ते नाव ठेवले. शेजारच्या देशातल्या माणसांनी ते फार पूर्वी आपल्या नद्यांत आणून सोडले होते आणि माशाला सरहद्द कळत नाही. ते एक वर्षाआड यायचे, टोळधाडीसारखे. आमच्या सामनला डोहात थारा देत नसत. अंडी घालून झाली की सगळे एकदम मरायचे आणि पाणी इतके सडायचे की माणसे नाकाला फडके लावून पूल ओलांडायची.

एका वसंतात इस्सातची नात रावना माझ्यापाशी आली. ती शहरातल्या शाळेत शिकत होती आणि शेवटच्या वर्षाला त्यांना माहितीपट करायचा होता. बरोबर तिची मैत्रीण तुरीद होती, कॅमेरा घेऊन.

"आजा, ही अजून तरंगेल का?" रावनाने विचारले.

"तू तरंगशील त्यापेक्षा बरी," इस्सात म्हणाला. मग तुरीदच्या हातातल्या केसाळ माइककडे बघत म्हणाला, "आणि हा मेलेला ससा काठीला कशाला बांधलाय?"

मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा डांबर लागले. तो वास आला तेव्हा मला रडायला येत होते.

कुबडे जाळ्याने काढायला परवानगी मिळाली होती. अट एकच होती, की आपला सामन सापडला तर तो जिवंत सोडायचा. रावनाला फिल्ममध्ये दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे हे कुबडे नदीचे काय करतात ते. आणि दुसरी म्हणजे तिच्या आजाचे जाळे सोडणे, कारण बंदीमुळे तिच्या वयाच्या कुणीच ते कधी पाहिले नव्हते. तिने मारेतची वल्ही घेतली. पहिल्या दिवशी तिने मला दोनदा खडकावर घातले.

"तुझी आजी वर बसून हसतेय बघ," इस्सात म्हणाला.

"आजी पहिल्या दिवशी काय करायची?"

"शिव्या द्यायची. मला."

एके दुपारी तुरीदने कॅमेरा पाण्याखाली सोडला आणि खालच्या डोहात तिला ती दिसली. आमची खरी सामन, मोठी मादी, शेपटीला एक खाच पडलेली. इस्सातने ते छोट्या पडद्यावर पुन्हा पुन्हा लावायला सांगितले. "पोटात अंडी आहेत," तो म्हणाला. "वरच्या डोहात चाललीये. सगळ्या वरच्या डोहातच जायच्या." त्याने तिला खाचेवाली म्हणायला सुरुवात केली. रोज सकाळी कॉफीच्या आधी विचारायचा, खाचेवाली कुठवर आली? बायको गेल्यानंतर एवढे कुणाबद्दल विचारताना मी त्याला ऐकले नव्हते.

फिल्मचा शेवट ठरून गेला. खाचेवाली वरच्या डोहात पोचते. रावना म्हणाली, "तेवढं एकच दृश्य मिळू दे. मग लोकांना काही सांगायची गरजच नाही." तोवर वाट मोकळी करायला आम्ही रोज जाळे टाकून कुबडे उपसायचो.

इतर होड्यांवर कुबडे प्लॅस्टिकच्या टबात फेकत. तिथे ते उघड्या तोंडाने पडून राहत. इस्सातला ते बघवत नसे. तो प्रत्येकाला दांडक्याचा घाव घालायचा.

"इस्सातआजा, एवढे मासे आहेत," तुरीद म्हणाली. "प्रत्येकाला कशाला? टबात मरणारच आहेत ना?"

"परका असला म्हणून काय झालं? त्याला कुणी विचारून आणलंय का इथे?"

ते दृश्य रावनाला फार आवडले. मलाही आवडले होते.

तो दिवस ढगाळ होता. जाळे जड लागले. इस्सात माझ्या काठाशी वाकून एकेक मासा वर घेत होता, घाव घालत होता, मागे टाकत होता. त्याचा खांदा दुखत होता हे मला त्याच्या बसण्यावरून कळत होते. रावना वल्ही धरून प्रवाहाशी झगडत होती आणि तुरीद पुढच्या टोकाला बसून चित्रण करत होती. ताज्या चढलेल्या कुबड्या माद्या रुपेरी असतात, घाईत सामनसारख्याच दिसतात. एक रुपेरी मादी वर आली. जड होती. इस्सातच्या डाव्या हाताला तिचे वजन कळले, मला वाटते कळलेच. पण तोवर उजवा हात खाली आला होता.

ती माझ्या तळाला टेकली ती शांत होऊनच. शेपटीला खाच होती.

वल्ही सुटली आणि मी आपोआप वाहत निघाले. मग तुरीद रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी बंद करते."

"चालू आहे का ते?" इस्सातने विचारले.

"हो."

"मग बंद करू नको. रावना, शेपटी वर धर. खाच दिसू दे." रावनाने शेपटी वर धरली. तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "ही मी मारली. माझ्या हाताने."

त्याने अंगातला कोट पाण्यात बुचकळून खाचेवालीखाली पसरला आणि तो म्हणाला, "पोरी, वर घे होडी. जिथं जायची होती तिथं तरी पोचवू."

जाळे, मासे, सगळे काठावर टाकून आम्ही वर निघालो. उथळात रावना उतरून मला ढकलत होती. खाचेवाली माझ्या तळाशी ओल्या कोटावर होती आणि तिच्या पोटातली अंडी थोडी थोडी माझ्या फळ्यांवर सांडत होती, केशरी. वरच्या डोहात इस्सातने तिला दोन्ही हातांनी पाण्यात सोडले. मारेत काटे सोडायची तसेच.

परतताना रावना म्हणाली, "हे मी फिल्ममध्ये घेणार नाही, आजा."

"घेशील."

"लोक काय म्हणतील माहितीये तुला? बघा, सामींनीच मारली. इतकी वर्षं तेच म्हणतायत! त्यांना आयता पुरावा देऊ?"

"म्हणू देत. माझ्या बापाने मला हात चालवायला शिकवलं तेव्हा नदी सामनने भरलेली होती. नदी बदलली, हाताला कुणी सांगितलंच नाही. तू हे झाकलंस तर उद्या दुसऱ्या कुणाचा हात असाच पडेल."

"तुझं नाव जाईल, आजा."

"जाऊ दे. नाव काय चाटायचंय?"

रावना हमसून रडली. वल्ही मात्र तिने सोडली नाहीत.

शरदात अंधार परत आला तेव्हा होडीघराच्या भिंतीवर चादर ताणून फिल्म दाखवली. मी बाजूलाच होते. सडलेले पाणी दिसले, मेलेल्या कुबड्यांचे ढीग दिसले, पाण्याखाली चढत जाणारी खाचेवाली दिसली. आणि जिथे वरचा डोह यायचा होता, तिथे तो घाव आला. रावनाने काही कापले नव्हते. अंधारात खालच्या अंगाचा एक गळवाला म्हणाला, "म्हणजे शेवटी मारली ती सामीनंच."

"हो," इस्सात मागून म्हणाला. "म्हणूनच दाखवतोय."

तो गळवाला टोपी हातात घेऊन बाहेर गेला.

पुढच्या वेळी कुबडे आले तेव्हा प्रत्येक होडीत पाण्याने भरलेला मोठा टब होता. जाळ्यातला मासा आधी टबात सोडायचा, शेपटी बघायची, कारण मोठे काळे ठिपके कुबड्यांच्याच शेपटीवर असतात, मगच हात उचलायचा. हे रावनाने सगळ्यांना करायला लावले. काही सामन सुटले म्हणे, वरच्या डोहाकडे गेले. हे मी ऐकले आहे, पाहिलेले नाही, कारण त्या मोसमात मी गेले नव्हते. फिल्म संपली त्याच रात्री इस्सातने मला एकट्याने पालथे घातले होते. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग गेला तो परत आला नाही.

तो जिवंत आहे. त्याची खुर्ची आता नदीकडे पाठ करून ठेवलेली असते, असे रावना तुरीदला सांगत होती. दर वसंतात रावना त्याला विचारते, आजा, होडी सुलटी करू? तो म्हणतो, माझ्या हाताचा भरवसा नाही. मग ती एकटीच येते आणि मला डांबर लावते. तिचे डांबर ओघळते, पण लावते.

मित्रांनो, तुमच्या नदीतही कुणी काही आणून सोडत असेल, हौसेने, फायद्यासाठी. सोडणारा निघून जातो, मरणे दुसऱ्याच कुणाच्या पदरात पडते. म्हणून पाण्यात काही सोडण्याआधी थांबा. आणि चांगल्या सवयीनेसुद्धा हात उचलण्याआधी एकदा खाली बघा. माझा इस्सात वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कुणाला तडफडताना बघवत नव्हते.

आणि कधी इकडे आलात, नदीकडे पाठ करून बसलेला म्हातारा तुम्हाला दिसला, तर त्याला एवढेच सांगा, मी अजून गळत नाही.