मैदानावरचा उंबरठा

गॅरेजमध्ये कुळाची बैठक भरली होती. गवत कापायचं यंत्र, तांदळाची पोती आणि घडीच्या खुर्च्या यांच्या दाटीत बसलेले लोर कुळातले पुरुष हातातल्या बिअरच्या डब्यांवरचे थेंब मोठ्या अभ्यासूपणे न्याहाळत होते. प्रश्न वाचोंगकाकांनी विचारला होता. काका कुळातले सर्वांत वडीलधारे. त्यांना द्यायचं उत्तर आधी त्यांच्या चेहऱ्यावर शोधावं लागे, आणि आज तो चेहरा कोरा होता. मुलींच्या संघात गोलरक्षक म्हणून उभी राहू पाहणारी पाहुआ नक्की कुणाची, एवढाच प्रश्न होता.

पाहुआ दारातच उभी होती. गॅरेजच्या दारात. भावाच्या या घरात ती नऊ वर्षं याच दाराने येत-जात होती.

"खांग कुळाची सून ना ही?" कुणीतरी शेवटी पुटपुटलं.

"होती."

"मग लोरांची कशी?"

"लोरांचीपण होतीच की."

"म्हणजे आता कुणाचीच नाही. मधल्यामध्ये लोंबकळतेय. बरंय, गोलात उभी राहायला अशीच पाहिजे."

हशा पिकला. भाऊ, कूमेंग, हसला नाही. पण त्याने डबा तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"जाऊ दे रे," काका हात झटकत म्हणाले, "पोरींचे सामने. बघायला बसलंय कोण? राहू दे उभी."

अशा रीतीने पाहुआला प्रवेश मिळाला. तिरस्काराचाही कधीकधी उपयोग होतो. माणसं ज्याला कस्पटासमान लेखतात, त्याच्यासाठी नियम मोडायला त्यांना जड जात नाही. कूमेंगची सतरा वर्षांची मुलगी गाउनू संघाची कप्तान होती. ती धावत येऊन पाहुआच्या गळ्यात पडली. "आत्या, घेतलं गं तुला! घेतलं!" शब्दांखाली काय वाहतं ते ऐकायला ती पोर अजून शिकली नव्हती. पाहुआने तिच्या पाठीवर थोपटलं, आणि खाली तळघरातल्या आपल्या खोलीकडे गेली.

लाओसचे डोंगर गेले, छावण्यांतली वर्षं गेली, भाषा मुलांच्या ओठांवरून ओघळून गेली. अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या या तळ्याकाठी, निर्वासित ह्मोंग माणसांपाशी उरलं ते कूळ, आणि दर जुलैत फुटबॉलच्या मैदानावर त्या कुळांची झुंज. चषकाचा नियम पहिल्यापासून एकच: खेळाडू कुळातला हवा, जन्माने किंवा लग्नाने. यंदा नगरपालिकेने मैदान देताना मुलींचेही सामने घ्या अशी अट घातली, तेव्हा आयोजक मंडळींना एकाएकी लेकींचा उमाळा आला. प्रत्येक कुळाने पोरी गोळा केल्या, जुने सदरे दिले, आणि नियम होता तोच ठेवला. तो लेकींना लावला तर त्याचं काय होईल, याचा विचार करण्याइतकं महत्त्व त्या गोष्टीला कुणी दिलंच नव्हतं.

पाहुआचं लग्न झालं तेव्हा खांगांच्या दाराशी सासऱ्याने तिच्या डोक्यावरून जिवंत कोंबडा फिरवला होता. त्या पंखांच्या वाऱ्यासरशी तिचा जीव माहेरच्या पूर्वजांच्या यादीतून सुटून सासरच्या पूर्वजांकडे गेला, असं सगळे मानत. तीही मानत होती. सहा वर्षांनी नवऱ्याने दुसरी बाई घरात आणून बसवली आणि पाहुआ दोन पिशव्या घेऊन निघाली. देह माहेरी आला. जीव आणायला कुणी गेलं नाही. त्यासाठी कूमेंगने आपल्या घराच्या पुढच्या दारात उभं राहून तिच्यावरून कोंबडा फिरवायला हवा होता. काम जेमतेम चहा निवण्याइतक्या वेळाचं. तोवर तिने पुढच्या दाराने यायचं नव्हतं.

"बघू या गं, नव्या वर्षाला," कूमेंग म्हणायचा.

नवं वर्ष यायचं. पुढच्या दारात उभं राहून घरातल्या एकेकाच्या जिवाला नावाने हाक मारली जायची, प्रत्येकापुढे त्याचं उकडलेलं अंडं, प्रत्येकाच्या मनगटावर पांढरा दोरा. अंडी पाहुआच उकडायची. तिच्या वाटचं त्यांत नसायचं.

ती वृद्धाश्रमात कामाला होती. गोऱ्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायची, पुसायची, आणि ते गेले की त्यांचे डोळे मिटायची. तिथे कुणीही कुठल्याही खाटेवर मरत असे. कुळाचा दाखला कुणी मागत नसे. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. त्या दिवशी कूमेंगने तिला कांबळ्यात गुंडाळून, सगळे सिग्नल तोडत, इस्पितळात नेलं. गाडीत तिला वाटलं, किती हा जीव लावतो! मग इस्पितळाच्या वळणावर तो बायकोशी फोनवर बोलताना तिने ऐकलं, "पोचलो एकदाचे. घरात काही झालं असतं तर केवढ्याला पडलं असतं." परक्या कुळाचं माणूस घरात मेलं तर घरच्या पूर्वजांचा कोप होतो. पाहुआने डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून तिला भावाचा राग येत नसे. आपल्यापेक्षा लहान झालेल्या माणसाचा राग येत नाही. त्याच्याकडे वाकून बघावं लागतं, इतकंच.

गोलात उभं राहायला तिला त्यानेच शिकवलं होतं. म्हणजे, लहानपणी परसात सगळे भाऊ धावायचे आणि कुणीतरी थांबायला हवं होतं.

मुलींचं मैदान गाड्यांच्या तळामागे होतं. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला फिरती संडासं. पुरुष तिकडे फिरकत ते लघवीला, आणि परतताना दोन शब्द टाकून जात.

"ए, हळू! हात मोडला तर कोशिंबिरीची पपई कोण कुटणार?"

"अरे, हिची किक बघ, केर काढतेय जणू!"

पाहुआ काही ऐकत नव्हती. जाळ्यासमोर उभं राहिल्यावर तिच्या आत एक मोठी, निळसर शांतता पसरे. चेंडू यायचा, आणि तो कुणाच्या घरचा हे न विचारता ती त्याला छातीशी घ्यायची. शनिवारी दिवसभर तिने एकही गोल होऊ दिला नाही. गाउनू बेभान धावत होती आणि मागे वळून ओरडत होती, "आत्या आहे गं मागे, घाबरू नका!"

मोठ्या मैदानावर त्याच सकाळी वू कुळाने लोरांच्या वीरांना धूळ चारली. ढेरपोट्या बचावफळीने पंचाला शिव्या दिल्या, मग उन्हाला, मग बुटांना. संध्याकाळी तंबूत जांभळा चिकट भात आणि सॉसेज चघळताना कुणाच्या तरी ध्यानात आलं की कुळाचं नाव अजून चषकात आहे. ते मुलींच्या पायांवर होतं. रात्रीतून लोरांना मुली झाल्या.

रविवारी अंतिम सामना मोठ्या मैदानावर ठरला, खांगांच्या मुलींशी. लोरांचे काके, आजे, चुलतभाऊ भोंगे घेऊन आले. कालपर्यंत पपई कुटणारे हात आज 'आमच्या वाघिणी' झाले. आणि ज्या क्षणी सामना बघण्यालायक ठरला, त्याच क्षणी नियमाला जाग आली.

"ही चालणार नाही," खांगांचा म्हातारा मैदानात काठी रोवून म्हणाला. त्याने पाहुआकडे पाहिलंसुद्धा नाही. "आमच्याकडून निघून गेलेली बाई. लोरांनी परत घेतलेली नाही. घेतली असेल तर सांगा, कोंबडा कधी फिरवला?"

वाचोंगकाका कूमेंगकडे वळले. "काय रे? फिरवला होतास ना?"

कूमेंगने बुटाच्या टोकाने गवत उकरलं. "राहून गेलं, काका."

"राहून गेलं! अरे, नऊ वर्षं?"

काकांचा संताप खरा होता. पुतणीसाठी नव्हे, हातातोंडाशी आलेल्या चषकासाठी. मग त्यांचा चेहरा उजळला. "मग आत्ता फिरव! जा, जवळच्या शेतावरून कोंबडा घेऊन ये. दार काय, हे गोलपोस्ट आहेच की. दोन खांब, वर आडवं. मंत्र मी म्हणतो."

"मैदानात?" खांगांचा म्हातारा तुच्छतेने हसला. "फिरवा, फिरवा. आम्हीपण बघतो."

कूमेंगला गाडी घेऊन पिटाळलं. सामना खोळंबला. पाहुआ गोलपोस्टाला टेकून हातमोज्यांच्या पट्ट्या घट्ट करत राहिली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

तो परतला तेव्हा त्याच्या काखेत तांबडा कोंबडा होता, पाय सुतळीने बांधलेला, चोच उघडी. कूमेंग घामाने निथळत होता, आणि चेहऱ्यावर समाधान होतं. कर्तव्यदक्ष भावाचं, सगळ्यांदेखत. लोकांनी फोन वर धरले.

"चल गं पाहुआ, खांबांच्या मधे उभी राहा," काका घाईने म्हणाले. "खाली बघ. हसू नको."

ती हसत नव्हती. "दादा," तिने हलक्या आवाजात विचारलं, "हे झालं की संध्याकाळी मी घराच्या पुढच्या दाराने येऊ?"

कूमेंगने काकांकडे पाहिलं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आधी सामना तर होऊ दे," कूमेंग म्हणाला. "घरचं घरी बघू. तुझ्या वहिनीशी बोलायला हवं. इथलं हे... इथल्यापुरतं."

"इथल्यापुरतं," तिने शब्द उचलून उलटा करून पाहावा तसा म्हटला.

"किती आढेवेढे!" काका खेकसले. "एवढी माणसं तुझ्यासाठी उन्हात उभी आहेत. कूळ पदरात घेतंय तुला, अजून काय पाहिजे? उभी राहतेस की नाही?"

कोंबड्याने पंख फडफडवले. त्या वाऱ्याची झुळूक तिच्या गालाला लागली. एवढीच होती तर ती गोष्ट. मूठभर वारा. तिच्यासाठी तो कधी निघाला नव्हता, आणि निघाला तो एका पत्र्याच्या चषकासाठी. तिने भावाकडे पाहिलं, काकांकडे, काठी रोवलेल्या त्या म्हाताऱ्याकडे. इतकी वर्षं या माणसांनी आपल्याला आत घ्यावं म्हणून ती गॅरेजमध्ये बूट काढत आली होती.

ती खांबांच्या मधून नाही, खांबाला वळसा घालून बाहेर आली. गाउनूपाशी थांबली. एकेक पट्टी सोडवून तिने हातमोजे काढले आणि पोरीच्या हातांत चढवले, लहान मुलाला चढवावेत तसे, बोट बोट नीट बसवून.

"चेंडूकडे बघ," ती म्हणाली. "मारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तुला येतं."

"आत्या, तू?" गाउनूचा आवाज चिरकला. आपल्या हातांकडे, मग बापाच्या काखेतल्या कोंबड्याकडे, मग त्या खांबांकडे पाहताना तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. एखाद्या खोलीतला दिवा कुणी मालवत न्यावा तसं.

मागे काका ओरडत होते, "अगं ए, मूर्ख बाई! पुन्हा कुणी विचारणार नाही तुला!" भोंगे थांबले होते.

पाहुआने गवतावरची पिशवी उचलून खांद्याला लावली. उघड्या मनगटांवर मोज्यांच्या पट्ट्यांचे वळ उमटले होते, लालसर, गोल.

"आत्या," गाउनूने हाक मारली, "संध्याकाळी घरी येणार ना गं?"

ती गाड्यांच्या तळाच्या दिशेने चालू लागली, उताराच्या मैदानावरून, जिथे काल कुणी बघायला नव्हतं.