फिटलेला अपराध

बेकरीची व्हॅन वळणावर घसरली तेव्हा स्टिअरिंग लेकीच्या हातात होतं आणि नजर मोबाइलवर. बाप शेजारी बसला होता. शिंपीणबाईची मुलगी दप्तर सावरत रस्ता ओलांडत होती. ती जागच्या जागी गेली.

बापाने लेकीला आपल्या जागेवर ओढलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे सरकला.

"गाडी मी चालवत होतो. कळलं?"

"बाबा, पण..."

"पण नाही नि बिण नाही. तोंड मिटून बस."

कोर्टात तो एवढंच म्हणाला, "चूक माझी." भट्टीपुढे त्याची छाती आधीच पोखरलेली, तुरुंगातल्या ओलीने उरलंसुरलं संपवलं. भेटीच्या जाळीआडून मात्र थट्टा सुटली नाही. "इथला पाव खायला दात नकोत, करवत हवी. एखादा बरा बेकरीवाला पकडून आणा म्हणावं!" लेकीला हसू आलं नाही. सुटका व्हायच्या आधीच तो गेला.

दफनाच्या वेळी चर्चचे पाळक म्हणाले, "ख्रिस्त निर्दोष होता. तरी आपली शिक्षा त्याने स्वतःवर घेतली आणि आपण सुटलो." हाताची मातीही न धुता लेक शिंपीणबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकू, गाडी बाबा चालवत नव्हते. मी चालवत होते."

शिवणयंत्र थांबलं.

"रोज उठून त्याला शाप द्यायचे. मर म्हणायचे. मेला. काल कळलं, तेव्हा कुठे घास घशाखाली उतरला. आणि आता सांगतेस, माणूसच चुकीचा होता?"

"मला पोलिसांत द्या."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करू? एवढा राग आणू कुठून? होता नव्हता तो सगळा त्याच्यावर ओतला."

"माफ केलंत?"

"माफी कसली! फिटलं, एवढंच. तुझ्या बापाने फेडलं. जा आता. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

ती तशीच चौकीवर गेली. हवालदाराने तिला पाणी दिलं. "ताई, शिक्षा झाली, केस मिटली. बाप गेल्यावर माणूस काहीही बडबडतो. घरी जा."

पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये दिसली नाही, म्हणून पाळक बेकरीत आले. तिने त्यांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "मुली, इतक्या प्रेमाने दिलेलं दान नाकारू नये. स्वीकार."

"स्वीकारू? देताना मला कुणी विचारलं होतं का?" एवढं बोलून ती भट्टी पेटवायला वळली.