तरसाच्या पिंजऱ्यासमोर

मास्तर म्हणजे मास्तर! सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन्ही पोरांना प्राणिबागेत नेतील, पण तिथेही वर्ग भरवतील. त्यांचा नियम ठरलेला. पिंजऱ्यासमोर गेल्या गेल्या पाटी वाचायची नाही. आधी दात बघायचे, पाय बघायचे, शेपूट बघायची. हा काय खात असेल, कसा पळत असेल ते आपल्या डोक्याने सांगायचं, आणि मग पाटी.

त्यांच्या बायकोची तऱ्हा अगदी उलटी होती. ती कठड्याला टेकायची आणि त्या प्राण्याच्या तोंडून बोलायला लागायची. उंट होऊन गुडघेदुखीचं गाऱ्हाणं सांगायची, माकडीण होऊन सासूला नावं ठेवायची. पोरं हसून हसून लोळायची आणि मास्तर कपाळाला हात लावायचे. "अगं, अशाने यांच्या डोक्यात विज्ञान शिरेल का?"

"अहो, आधी हसू तर शिरू द्या!"

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. ती गेली आणि धाकटीच्या तोंडाला खीळच बसली. जिला घरात सगळे बडबडी म्हणायचे, ती पोर एक अक्षर बोलेना. आत्याने लाडीगोडी करून पाहिली, दटावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "मागे लागू नका. तिला आवडायचं तिथे घेऊन जा, बोलेल आपली आपण." मास्तरांना या जगात दुसरं काही नको होतं. पोरीने एकदा 'बाबा' म्हणावं, बस्स. आजची सहल त्याचसाठी होती.

तरसाच्या पिंजऱ्याशी दुपारची सामसूम होती. तरस भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या घालत होतं.

"दादा, बघ नीट. पाय कसे आहेत?" मास्तरांनी थोरल्याला विचारलं.

"पुढचे उंच, मागचे आखूड. म्हणून पाठ उतरती दिसते."

"शाब्बास! आणि का बरं असे असतील?"

थोरला विचारात पडला. तेवढ्यात शेजारून उत्तर आलं.

"काय करणार हो! मागचे पाय शिवायला घेतले आणि कापडच कमी पडलं."

मास्तरांच्या काळजात धस्स झालं. बडबडी बोलली होती. पण आवाज? आवाज तिचा नव्हता. तो भरलेला, थोडासा बसका, हसू दाबत बोलणारा आवाज मास्तरांनी संसारभर ऐकला होता. पोरीने कठडा धरला होता, मान एका अंगाला कलती, अगदी तिच्या आईची असायची तशी.

"बाबा, ही आईसारखी का बोलतेय?" थोरला बापाला बिलगला. "मला भीती वाटते. आपण घरी जाऊ या."

"गप्प!" मास्तर म्हणाले.

"किती वाळलात हो," पोरीच्या तोंडून तो आवाज म्हणाला. "पोरं झोपली की दिवा घालवून बसता ना पलंगाच्या कडेला? माझी उशी मांडीवर घेऊन?"

हे कुणाला ठाऊक असणार? दार आतून लावलेलं असायचं! मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खोटं कशाला बोला, भीतीपेक्षा आनंदच मोठा होता. विज्ञान गेलं चुलीत. ते पोरीपुढे गुडघ्यांवर बसले आणि काकुळतीने विचारू लागले.

"कुठे आहेस गं? अजून दुखतं का?"

"नाही हो. आता काही दुखत नाही."

"मग येत का नाहीस घरी?"

"आले नाही का?"

"थांबशील ना? सांग, थांबशील?"

पोरीचे ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. डोळे मिटले, उघडले. तिने बापाकडे असं बघितलं, जणू आत्ताच झोपेतून उठली होती. आणि मग बारीक, चिरका, वर्षभर न वापरलेला आवाज बाहेर आला. तो तिचा, तिचा स्वतःचा होता.

"बाबा," ती म्हणाली. "मला तहान लागलीय."

अरे देवा, ज्यासाठी हा माणूस झुरत होता तेच ना हे! उचलून घ्यावं, छातीशी धरावं, नळाकडे धावत सुटावं की नाही? पण हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायची बुद्धी कुठून होते कोण जाणे. मास्तरांनी पोरीचे दोन्ही दंड घट्ट धरले.

"तू थांब गं जरा! तिला बोलू दे. ती काय म्हणत होती?"

बडबडीने बापाच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने तोंड मिटलं.

"बोल ना," मास्तर म्हणाले. त्यांनी बायकोला हाक मारली, मग लेकीला मारली, मग पुन्हा बायकोला. थोरल्याने त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि बहिणीला पाणी पाजायला नेलं. ती पाणी प्यायली, घरी आली, मोठी झाली. पण त्या दिवसानंतर दोघींपैकी कुणीच मास्तरांशी बोललं नाही.