हिरवं पाकीट आणि अध्यक्षांचा आवाज

माणसाने यंत्राला आपला गुलाम केलं आहे, हे या शतकाचं निर्विवाद सत्य. लाय बाओ-यिंगच्या टॅबपर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं, कारण त्याचं नेट बंद होतं.

नेट बंद ठेवायलाही कारण होतं. तिच्या फिरत्या रंगमंचाच्या ट्रकवर आवाज जुळवणारी जी काळी पेटी होती, तिला औषधालाही बटण नव्हतं. माइकचे आवाज वर-खाली करायचे ते टॅबवरच्या ॲपमधून. ॲपवाल्यांनी कळवलं, की आमच्या नव्या आवृत्तीसाठी तुमचा टॅब म्हातारा झाला. टॅब सहा वर्षांचा. बाओ-यिंग एकसष्टची, आणि तिला अजून कुणाची तसं म्हणायची छाती झाली नव्हती. म्हणून जुनं ॲप, जुना टॅब आणि नेट कायमचं बंद. पट्टीवर बोट सरकवलं की टॅब आधी विचार करी, मग बहुधा देवीचा कौल घेई, आणि मग आवाज वाढे.

"भावजी, चांगला टॅब आणा म्हटलं होतं ना मी?" सकाळपासून ती दिराला सोलत होती.

"चांगलाच आहे की वहिनी. त्याच्यावर भाताचा कुकर फुकट मिळाला," वेन-पाव म्हणाला.

"कुकर अजून धडधाकट आहे. त्याच्यावरच करू या का कार्यक्रम?"

आज माझूदेवीचा वाढदिवस. या देवळापुढे ट्रक लावायला सुरुवात केली ती तिच्या नवऱ्याने, आणि तो गेल्यावरही तिने ही जागा सोडली नव्हती. पण गेल्या वर्षी ऐन गाण्यात आवाज गेला. देवळाचे अध्यक्ष होउ यांनी चारचौघांत बजावलं, "पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षी ताइचुंग शहरातली मोठी कंपनी." या देवळाचं काम गेलं की आजूबाजूच्या सगळ्या देवळांचं जाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून पेटीवर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट सकाळीच ठेवलं होतं. ते ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे इथे इस्पितळापासून बँकेपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पाकीट हिरवंच हवं आणि तारीख उलटलेली नको. वेन-पावने तारीख चष्मा लावून दोनदा वाचली होती.

गायिकेची दोन गाणी झकास झाली. मग अध्यक्ष टॅबपाशी आले आणि माइकची उंची बदलायला त्यांनी वहिनी-दीर दोघांनाही मंचावर पाठवलं. ती दोघं परतली तोवर भाषण सुरू झालं होतं.

"भक्तजनहो, या देवळाच्या इतिहासात माझ्या कारकिर्दीत..." एवढ्यावर आवाज गेला. अध्यक्षांचं तोंड चालू, हात चालू, बाकी शांतता.

"मेल्या!" बाओ-यिंग टॅबवर ओरडली. "गाणी चालतात तुला, भाषण नाही चालत?"

"वहिनी, ॲप लटकलं असेल."

"तुम्हाला लटकवते आधी! आणि त्या ॲपवाल्यांना! दरवर्षी नवं घ्या म्हणे! यांच्या बापाने ठेवलाय पैसा?"

वेन-पावने घाबरून टॅबवरचं हिरवं पाकीट दोन्ही हातांनी दाबलं आणि डोळे मिटले. "शहाण्या, ऐक रे बाबा." आता गायिकेचा माइकही मेला. बाओ-यिंगने पाकीट आणखी खाली, नीट मधोमध बसवलं. ढोलकीवाल्याचाही गेला.

समोरच्या बाकांवर हशा पिकला. मंचावरून होउ गरजले. माइक नसूनही नीट ऐकू आलं. "लाय बाई! झालं ना पुन्हा? पुढच्या वर्षी दिसू नका इथे!"

रागाच्या भरात तिने पाकीट उचलून फेकायला हात उगारला. माइक जिवंत झाले.

ती थबकली. पाकीट टॅबवर ठेवून दाबलं. पडद्यावरच्या पट्ट्या सरसर खाली आल्या. उचललं, हळूहळू वर गेल्या. पाकिटाला आतून चांदीसारखा कागद. टॅबला वाटत होतं, कुणीतरी सगळ्या बोटांनी दाबतंय.

"भावजी, हे इथे कुणी ठेवलं?"

"मी नाही. आपलं तर पेटीवर आहे."

तिने पाकीट उलटं केलं. मागे काळ्या शाईत लिहिलं होतं: 'श्रद्धापूर्वक अर्पण, अध्यक्ष होउ.' देवळाच्या खांबांवर, पंख्यांवर, मुतारीच्या दारावर जे होतं, तेच.

ती तरातरा मंचावर चढली आणि माइक हिसकावून घेतला.

"अध्यक्षसाहेब, हे तुम्ही माझ्या टॅबवर ठेवलंत?"

"हो. यंत्र नीट चालावं म्हणून. गेल्या वर्षीसुद्धा ठेवलं होतं."

"गेल्या वर्षीसुद्धा!" तिचा आवाज बाजारापर्यंत गेला. "यंत्रावर ठेवतात, साहेब, पडद्यावर नाही! आवाज तुम्ही दाबलात, शिव्या मी खाल्ल्या! अख्खं वर्षभर! टॅबला, दिराला, त्या ॲपवाल्यांना, दिसेल त्याला बोलले मी, तुम्ही सोडून! बोलवा आता तुमच्या ताइचुंगवाल्यांना, आणि त्यांच्याही पडद्यावर ठेवा तुमचं श्रद्धापूर्वक अर्पण!"

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या टाळ्या वाजवू लागल्या. कुणीतरी ओरडलं, "पुढच्या वर्षी लाय बाईच!" अध्यक्षांनी देवीकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं. अध्यक्षपदाची निवडणूक हिवाळ्यात होती.

"लाय बाईच," ते म्हणाले.

तिने माइक त्यांच्या हातात आपटला. ती पायऱ्या उतरणार, तोच त्यांनी माइकवर हात ठेवला आणि तिच्या कानाशी वाकले.

"बाई... त्या गायिकेला देता ना, तो घुमारा, माझ्या आवाजालाही थोडा लावता येईल का?"