जोडपानावरचा ढोल

मित्रांनो, परभणीच्या एका संस्थेत भिंतीवर एका मासिकाचं मुखपृष्ठ लावलेलं आहे. काळ्या पार्श्वभूमीवर एक ढोल, त्याच्या कडेला भंडाऱ्याचा पिवळा डाग आणि वर ठळक अक्षरांत नाव, 'घुमारा'. तो ढोल मीच. फोटोत मी बराच तरुण दिसतो, कारण संगणकावर माझ्या भेगा पुसून टाकल्या आहेत. खरा मी जिंतूर तालुक्यातल्या बोरी गावात, पत्र्याच्या घरात, खुंटीला टांगलेला असतो. तिथे माझ्या भेगा जिथल्या तिथे आहेत. माझी कहाणी थोडक्यात सांगतो. ढोलाला जमेल तितक्या थोडक्यात.

वादळात पडलेल्या एका आंब्याच्या खोडातून गावच्या सुताराने मला कोरून काढलं. दोन्ही तोंडांना माझ्या मालकांच्या कळपातल्याच बोकडाचं कातडं चढलं, दोऱ्या आवळल्या गेल्या, आणि ज्या घरात मी आलो ते घर मेंढरांमागे चालणारं निघालं. आज या शिवारात, उद्या त्या. सुगी संपली की आम्ही बोरीहून निघायचो ते थेट सोनपेठकडे, गोदावरीच्या काठापर्यंत. पुढे मेंढरं, मागे घोड्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर मी. घरच्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे भुजंगच्या, गळ्यात मी पहिल्यांदा पडलो तेव्हा तो माझ्या ओझ्याने पुढे वाकला होता. पुढे त्याला सगळे नाना म्हणू लागले. मग मीही नानाच म्हणायला लागलो.

त्या वाटेची एक ओवी होती. नानांच्या आईने, कासाबाईने, ती चालता चालता रचली. कोणत्या गावात कोणत्या बाईने मेंढरांना पाणी पाजलं, कुणी हाकलून दिलं, कुठे कोकरू जन्मलं, कुठल्या झाडाखाली तिचं लेकरू गेलं, सगळं त्या ओवीत होतं. कासाबाईला अक्षर येत नव्हतं. पण तिची वाट तिने अशी बांधून ठेवली होती की आंधळ्यानेही धरून चालावं. ती गेल्यावर ओवी नानांकडे आली. नाना ओवी धरायचे, मी घुमायचो आणि जत्रेतली माणसं खातं ताट बाजूला सारून यायची. एकदा तर कुणाच्या लग्नाची वरात आमच्यापाशी येऊन थबकली आणि बिचारा नवरदेव उन्हात ताटकळत राहिला. ते दिवस आठवले की अजून माझं कातडं ताणतं.

त्या घरची एक रीत होती. समोर झील धरायला कुणी बसल्याशिवाय ओवी उघडायची नाही. झील म्हणजे म्हणणाऱ्याची ओळ संपता संपता समोरच्याने ती उचलून परत म्हणायची. 'एकट्यानं म्हणली की ओवी परत येत न्हाई,' असं कासाबाई म्हणायची, आणि नानांनी ते वाक्य शेवटपर्यंत पाळलं.

पुढे चराईची रानं कमी झाली आणि मेंढरं विकली गेली. नानांचा धाकटा भाऊ राम शेतीत रमला. नानांची बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. ते भावाच्याच घरी राहिले. झील धरणारे एकेक करून गेले, तसा मी खुंटीवर गेलो. शेजारी कापसाची रिकामी पोती, खाली कोंबड्यांचं खुराडं. एका चिमणीने तर माझ्या दोरीवर घरटं बांधायला घेतलं. नानांनी तिला हुसकलं नाही. म्हणाले असतील, निदान कुणीतरी गातंय.

असा मी धूळ खात असताना रामची मुलगी मंजुषा परभणीला ग्राफिक डिझाइन शिकायला गेली. पोरगी हुशार. गावातल्या हरिनाम सप्ताहाचा फलक असो की कुणाच्या वाढदिवसाचा, तिच्या हातून गेलेला वेगळा ओळखू यायचा. शेवटच्या वर्षी त्यांच्या नागसेन सरांनी सगळ्यांना एकच काम दिलं: आपल्या मनातलं एक संगीताचं मासिक काढायचं. नाव आपलं, मुखपृष्ठ आपलं, पानं आपली. बाकीच्या पोरांनी सिनेमातले गायक घेतले. मंजुषाने घरी फोन करून आईला, बबिताला, विचारलं की आपला तो जुना ढोल अजून आहे का. बबिताने खुंटीकडे पाहिलं आणि मी चिमणीसकट शहारलो.

मंजुषाने ठरवलं होतं, मासिकाच्या अगदी मधलं जोडपान नानांच्या ओवीचं. एका पानावर नाना आणि मी, समोरच्या पानावर वरपासून खालपर्यंत ओवी. हे तिने नानांना सांगितलं. रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला पटका बांधला, मला खाली काढून पुसलं आणि अंगणात उन्हाला ठेवलं. मित्रांनो, ढोल असाच उचलून वाजवता येत नाही. त्याला आधी तापवावं लागतं, मग कातडं ताणतं आणि आवाज वर येतो. कितीतरी वर्षांनी कुणी मला तापायला ठेवलं होतं. मी तयार झालो.

मंजुषाने फोटो काढले. मला उभं करून, आडवं करून, माझ्यावर नानांचा हात ठेवून, हात काढून. ऊन सरकलं तसं मला सरकवलं. मीही हुरळलो, खोटं कशाला सांगू. ढोलाचा जन्मच फुगण्याचा. दुपार झाली तेव्हा नानांनी घसा साफ केला.

"म्हणू का गं, मंजे? तू बस झील धरायला."

"थांबा नाना. आधी पान आखू द्या. किती ओळींची जागा हाय ते कळलं की म्हणा, मी लिहून घेते."

"ओवी काय पोतं हाय का, मापून भरायला?" नाना हसत म्हणाले. तीही हसली आणि बससाठी निघाली. मी अंगणातच थंड झालो.

पुढच्या रविवारी ती छापलेलं पान घेऊन आली. काय देखणं पान होतं म्हणून सांगू. नाना आणि मी डावीकडे, उजवीकडे ओळींखाली ओळी. नानांनी लांबूनच विचारलं, यात काय लिहिलंय. ती म्हणाली, काही नाही, नुसता जागा धरण्यापुरता मजकूर आहे, खरा नंतर येईल. त्या सगळ्या ओळींत तिने एकच वाक्य पुन्हा पुन्हा भरलं होतं: 'ओवी इथे येईल.' त्यांच्या धंद्यात तसंच करतात म्हणे. आधी रचना, मग मजकूर.

मग तिला अक्षरांचं वळण पसंत पडेना. मग नानांच्या पटक्याचा रंग छपाईत विटका येऊ लागला. दर रविवारी नाना मला उन्हाला ठेवायचे, दर रविवारी विचारायचे, आणि दर रविवारी काहीतरी राहून जायचं. एकदा तर ती मोबाइलवर आवाज भरून घ्यायला बसली, पण माझ्याच फोटोंनी मोबाइल भरून गेला होता, जागा उरली नव्हती. त्या दिवशी बबिता चुलीपुढून उठून बाहेर आली.

"अगं, कागदावर न्हाई तर न्हाई. घडीभर समोर बस की त्यांच्या. सकाळपासून पटका बांधून बसलेत."

"आई, बस जाईल. पुढच्या रविवारी नुसती ओवीच घेते. दुसरं काहीच न्हाई."

मंजुषा वाईट नव्हती, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही तिला बोल लावाल. तिचं नानांवर प्रेम होतं, म्हणून तर तिला त्यांचं पान सगळ्यात सुंदर करायचं होतं. फक्त तिला वाटलं, पान आज केलं नाही तर हुकेल. नाना काय, घरचेच आहेत.

तो पुढचा रविवार उगवायच्या आतच एका सकाळी नाना तांब्या उचलायला वाकले आणि तिथेच कलंडले. अंगावरून वारं गेलं. परभणीच्या दवाखान्यातून ते जिवंत परत आले, एवढं देवाचं देणं. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. तोंडातून आवाज यायचा, शब्द होत नव्हता.

मासिक जमा करायची तारीख आली तेव्हा नाना अजून दवाखान्यातच होते. मंजुषाने दवाखान्यातून धावत जाऊन ते जसं होतं तसं जमा केलं. नागसेन सरांनी वर्गात सगळ्यांना दाखवलं, जोडपानाची तर फार तारीफ केली. पानं हातोहात फिरली. ती वाट बघत राहिली की कुणीतरी विचारेल, अगं, इथे तर एकच वाक्य आहे. कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी पान पाहिलं, वाचलं कुणीच नाही.

ते मासिक घेऊन ती घरी आली. नाना बाजेवर टेकून बसले होते. तिने जोडपान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. फोटो पाहून नानांचा अर्धा चेहरा हसला. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट ओळीवर टेकवलं. नाना चौथी शिकलेले. बोट फिरवून वाचायची त्यांची सवय. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. पानाच्या तळापर्यंत ते बोट सावकाश उतरत गेलं आणि मंजुषा त्या बोटाकडे बघत उभी राहिली. त्या पोरीला तेव्हा काय झालं असेल ते मला माहीत आहे, कारण ती माझी खुंटी मुठीत घट्ट आवळून उभी होती.

नानांनी मासिक मिटवलं आणि माझ्याकडे बोट केलं. तिने मला उतरवलं. ऊन कलत आलं होतं तरी अंगणात नेऊन तापवलं, मग नानांच्या मांडीशी टेकवलं आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"म्हणा नाना. मी झील धरायले."

नानांनी डावा तळवा माझ्यावर टाकला. माझी एक बाजू बोलली. उजव्या हातातल्या काठीने वाजणारी दुसरी बाजू गप्प राहिली. तरी ठेका तोच होता, कासाबाईच्या वाटेचा. योग्य जागी त्यांनी तोंड उघडलं. लांब, घोगरा आवाज आला, त्यात एकही शब्द नव्हता. मंजुषाने तो आवाज उचलायचा प्रयत्न केला आणि मध्येच तिचा बांध फुटला. नाना थांबले नाहीत. अख्खी ओवी, सगळी वाट, गोदावरीपर्यंत, ते तशीच म्हणत गेले. मला प्रत्येक गाव ओळखू आलं. मित्रांनो, मला ठेका येतो, शब्द येत नाहीत. तेव्हा मला माझ्या लाकूडपणाचं जेवढं दुःख झालं तेवढं चिमणीच्या घरट्याखाली लोंबकळतानाही झालं नव्हतं.

नंतर मंजुषाने कुठे कुठे शोधलं नाही? नानांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, पण नुसत्या रेघोट्या उमटल्या. सोनपेठच्या बाजारात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारलं. त्यांना मेंढरं आठवली, नाना आठवले, 'लय खणखणीत वाजायचा' म्हणून मीसुद्धा आठवलो. शब्द कुणालाच आठवले नाहीत. वरातीमागून घोडं, दुसरं काय. शेवटी बबितालाच भाकरी थापताना कधीतरी कानावर पडलेल्या दोन ओळी सापडल्या:

वाट चालून चालून मेंढरू थकलं,
सोनपेठच्या शिवारात पाणी गं दिसलं.

वर्षाअखेरीच्या प्रदर्शनासाठी मंजुषाने जोडपान पुन्हा केलं. जागा धरणारं ते वाक्य सगळीकडून काढून टाकलं, वर या दोन ओळी ठेवल्या आणि खाली उरलेलं सगळं पान कोरं सोडलं. बक्षीस तिलाच मिळालं. पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ त्या पानापाशी बराच वेळ थांबले आणि म्हणाले, मोकळ्या जागेचा इतका सुंदर वापर क्वचित पाहायला मिळतो. मंजुषाने मान खाली घातली. हे तिने घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

आता दर रविवारी ती येते. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवते, मला उन्हाला लावते, काठी स्वतः धरते आणि नानांसमोर बसते. माझ्या दोन्ही बाजू पुन्हा बोलू लागल्या आहेत. नाना तोंड उघडतात, ती त्यांच्या ओठांकडे टक लावून बघते. मागच्या महिन्यात तिला वाटलं, एक गाव कळलं. पिंगळी असेल. पण तिला खात्री नाही.

मला पुसा, तापवा, उंदरांपासून जपा, असं मी तुम्हाला सांगू शकलो असतो. जुने ढोल शेवटी हेच सांगतात. पण मला नवं कातडं चढवता येतं, मित्रांनो. माझी काळजी नसली तरी चालेल. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस घसा साफ करून विचारत असेल, 'म्हणू का?', तर हातातलं काम तसंच टाका, समोर बसा आणि सांगा, म्हणा.

पान नंतर आखता येतं.