तादेऊशची खूण

आमच्याकडे पोलंडात माणूस पगार सांगेल, मूळव्याध सांगेल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. तादेऊशने तर चाळीस वर्षं सख्ख्या भावालाही पत्ता लागू दिला नव्हता.

त्याच्या मुलीने, बोग्नाने, दोन वर्षं एकटीने खपून केलेलं पहिलं अॅप शुक्रवारी लोकांसमोर आलं. जंगलात अळंबी सापडली की नकाशावर खूण करायची, म्हणजे पुढच्या वर्षी शोधत हिंडायला नको. लेकीचं म्हणून तादेऊशने ते त्याच दिवशी घेतलं, चष्मा लावून आपली जागा शोधली आणि खूण केली. रविवारी सकाळी तो बोग्नाला म्हणाला, "चल, गाडीत बस. आज तुला दाखवतो."

बोग्नाला भरून आलं. पस्तिशी उलटल्यावर कुठे बापाला तिचा भरवसा वाटला होता.

जंगलाच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती. बर्चच्या झाडांखाली माणसंच माणसं. एकजण तर अळंबी मुळासकट ओरबाडून चक्क प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबत होता.

"कोण रे तुम्ही? कुणी बोलावलं तुम्हाला इथे?" तादेऊश कडाडला.

"ओरडता कशाला काका? जंगल सरकारचं आहे." पिशवीवाल्याने फोन पुढे धरला. "ही बघा जागा. फुकट अॅप आहे, तुम्हीही घ्या."

तादेऊशने पाहिलं आणि तो बोग्नाकडे वळला. "अगं, माझी खूण याच्याकडे कशी?"

कशी ते बोग्नाला चांगलंच ठाऊक होतं. रिकामा नकाशा कोण उघडणार, या धास्तीने शेवटच्या आठवड्यात तिने लबाडी केली होती. केलेली खूण आपोआप सगळ्यांना दिसायची. ते नको असेल तर सेटिंगमध्ये पार तळाशी जाऊन बंद करायचं. तळाशी कुणी जात नाही, म्हणूनच तिने ते तिथे ठेवलं होतं.

"तुमची खूण आत्ता काढते, बाबा."

"आणि बाकीच्यांच्या?"

"त्या काढल्या तर अॅपमध्ये उरणार काय? आज कुठे तिसरा दिवस आहे! दोन वर्षं रक्त आटवलंय मी!"

"मग आटव अजून. पण माझ्यासारख्या किती म्हाताऱ्यांना गंडवलंस, ते तर सांग."

बोग्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचा राग आला, त्या पिशवीवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण म्हातारा खरं बोलत होता. तिने फोन काढला, अॅप चालवायचं आपलं पान उघडलं आणि एकूण एक खुणा लोकांच्या नजरेआड केल्या. तादेऊश तिच्या खांद्यावरून बघत होता.

पिशवीवाला आपल्या फोनवर बोट आपटायला लागला. "च्यायला, सगळा नकाशाच कोरा झाला! कुठल्या गाढवाने बनवलंय हे?"

"माझ्या मुलीने!" तादेऊश त्याच्या अंगावर धावून गेला. "बोल, काय म्हणायचंय तुला?"