काळी पानं

अख्खा गणित विभाग त्यांना पाठीमागे ‘पूलवाले सर’ म्हणायचा. आकड्यांचं गणित आणि आकारांचं गणित मुळात एकच आहे, दोन्हींमध्ये पूल बांधता येतो, हा ध्यास त्यांनी तीस वर्षं धरला होता. बायको म्हणायची, “बांधा खुशाल. तोवर होडी मी वल्हवते.”

त्यांची पद्धत ठरलेली. आकड्यांकडचं सगळं लाल शाईनं, आकारांकडचं निळ्या. दोन्ही एकच असल्याचं सिद्ध झालं, तरच काळी शाई. तीस वर्षांत काळी पानं झाली अकरा, आणि त्या अकरा पानांवर सगळं नाव. ती सुवाच्य अक्षरात उतरवायचं काम तिचं. गणितात ती ढ, पण त्यांचं अक्षर तिच्याशिवाय कुणाला लागायचं नाही.

या महिन्यात मात्र चाळीस काळी पानं झाली. आनंदानं तिला रडूच फुटलं होतं. पण उतरवताना काहीतरी खटकायला लागलं. पूर्वी एका काळ्या पानामागे लाल-निळ्या पानांचा ढीग असायचा, खाडाखोड असायची, समासात स्वतःलाच हासडलेल्या शिव्या असायच्या. आता सरळ काळंच. लाल आणि निळं पेन तिला कचऱ्याच्या डब्यात सापडलं.

“अहो, सिद्ध कुठे केलंय हे?”

“सिद्ध काय करायचं? दिसतंय की! उगाच इतकी वर्षं वेगळं धरून बसलो.”

इतक्या शांतपणे ते कधीच बोलले नव्हते. चार वाजता विभागप्रमुख पानं न्यायला येणार होते. सांगावं तर नवऱ्याची आयुष्यभराची कमाई मातीत, न सांगावं तर जगासमोर हसं. आणि आज सकाळी तर त्यांनी तिची रक्तदाबाची गोळी स्वतः पाण्यासकट आणून दिली होती, लग्नानंतर पहिल्यांदाच! अशा माणसाला वेडा कसं ठरवायचं?

ती लिहीत राहिली. अक्षर थरथरत होतं. दुपारी त्यांची मधुमेहाची गोळी काढायला ती फळीपाशी गेली. तिथे एकच बाटली होती. दुसरी खिडकीत धुऊन उपडी घातलेली.

“एकात ओतल्या,” ते म्हणाले. “पांढऱ्या, गोल. दोन बाटल्या कशाला?”

“कधी ओतल्या?”

“काल.”

तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पाय लटपटत होते. म्हणजे सकाळी पोटात गेली ती कोणती? मधुमेहाचीच, अंगातली साखर उतरत चालली होती. तिनं कसाबसा फोन लावला. “पानं नेऊ नका, त्यात काही नाही,” ती विभागप्रमुखांना म्हणाली आणि हमसून हमसून रडली. “डॉक्टर घेऊन या. लवकर.”

मग ती भिंतीला टेकून खाली बसली. “अहो, साखर आणा. मूठभर. पटकन.”

ते लगबगीनं स्वयंपाकघरात गेले. मिठाचा डबा धुऊन पालथा ठेवला होता. साखरेचा डबा काठोकाठ भरलेला.

“घे,” ते तिच्याशेजारी बसत प्रेमानं म्हणाले. “यात दोन्ही आहे.”